पीठ उडतं का हो?

पूर्वी धंदा काढायचा म्हणजे तीन गोष्टी लागत. जागा, भांडवल आणि पाटीवर घालायला वडिलांचे नाव. आता चौथी लागते. तिला फिल्म म्हणतात. पापडवाल्यांची फिल्म असते, प्लंबरची असते, मूळव्याधीच्या डॉक्टरांची असते (ती मी जेवताना पाहिली, म्हणजे मी भाकरी मोडत होतो आणि ती मला दाखवण्यात आली). मध्यंतरी पूजेचे साहित्य घरपोच करणाऱ्या एका गृहस्थांची फिल्म आली. तीत ते स्वतः काळा चष्मा लावून मोटारीतून उतरतात आणि कॅमेऱ्याकडे न बघता चालत येतात. चालणे संपले की फिल्म संपते. समिधा कितीला, दर्भ वेगळा घ्यावा लागतो का, गुरुजी तुम्ही आणता की आमचे आम्ही बघायचे, यातले काही कळत नाही. चष्मा चांगला होता एवढे कळते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांच्याविरुद्ध मी लिहायला बसलो आहे ती मंडळी मुद्दा शेवटपर्यंत लपवून ठेवतात. धंद्याची फिल्म वाया जाते ती कॅमेरा स्वस्तातला असतो म्हणून नव्हे. ती वाया जाते कारण तीत मालक असतो, मालकाचे स्वप्न असते, मालकाच्या आजोबांचा फोटो असतो, पण माल नसतो. माल का नसतो? तर माल दाखवणे हे या नव्या शास्त्रात गावंढळपणाचे समजतात.

या फिल्मा पाहून पाहून त्यांचे व्याकरण मला पाठ झाले आहे. आधी सूर्य उगवतो. मराठी माणसाच्या धंद्याचा आणि सूर्योदयाचा संबंध काय, हे मला आजवर कळलेले नाही. आमच्या भागातली दुकाने साडेदहाला उघडतात आणि एकला बंद होतात. सूर्यानंतर ड्रोन. ड्रोन वरून बघतो, म्हणजे जिथून कोणतेही गिऱ्हाईक कोणत्याही दुकानाकडे कधीही बघत नाही तिथून. मग एक सुरकुतलेला हात. मग एक लहान मूल पळत येते. ते का पळते हे कोणी सांगत नाही. मग एक घोगरा आवाज म्हणतो, "विश्वास." थोडा वेळ शांतता. मग तोच आवाज म्हणतो, "परंपरा." हा मजकूर पतपेढीला चालतो, बोअरवेलला चालतो, लोणच्याला चालतो आणि दातांच्या कवळीलाही चालतो. एकाची फिल्म दुसऱ्याला लावली तर फक्त शेवटचा फोन नंबर बदलावा लागेल. तो इतका बारीक आणि इतका सोनेरी असतो की नाही बदलला तरी बिघडणार नाही.

आता हे सगळे मी लांबून हसून सोडून दिले असते. पण गेल्या वर्षी ही साथ आमच्या घरात शिरली.

आमचे मेहुणे घरगुती पिठाच्या चक्क्या बनवतात. भोसरीला त्यांची पत्र्याची शेड आहे, बारा माणसे कामाला आहेत, आणि चक्की चांगली आहे. हे मी नात्यापोटी म्हणत नाही. नात्यापोटी मी उलटच म्हटले असते. पण अलीकडे राजकोटहून स्वस्त माल येऊ लागला, दुकानदार तो पुढे मांडू लागले आणि मेहुण्यांची झोप उडाली. त्यांचे चिरंजीव एम.बी.ए. झालेले आहेत. ते म्हणाले, "बाबा, आपली ऑनलाइन प्रेझेन्स नाही." मेहुण्यांना वाटले, काहीतरी लायसन्स राहिले. घाबरून हो म्हणाले. मग एका जाहिरात संस्थेचे दोन तरुण आले, त्यांनी शेड पाहिली, बारा माणसे पाहिली, चक्की पाहिली आणि सांगितले की यातले काहीच दाखवण्यासारखे नाही.

फिल्मला एक लाख ऐंशी हजार रुपये लागले. मेहुण्यांच्याच हिशेबाने त्यात शेडचे गळके पत्रे बदलून झाले असते.

फिल्म तीन मिनिटे बारा सेकंदांची झाली. सूर्य उगवला. गव्हाचे शेत आले. भोसरीच्या आसपास गव्हाचे शेत सापडेना, म्हणून ते विकत आणले होते, आणि विकणाऱ्याने ते परदेशातून आणले होते. त्यामुळे क्षितिजापर्यंत गहू, त्यात दोन मजली यंत्र आणि यंत्रावर निळ्या डोळ्यांचा शेतकरी. खाली अक्षरे : "आपल्या मातीतलं." मग जाते. जात्यावर नऊवारीतली एक मुलगी, जिने आयुष्यात जाते ओढले नसावे, कारण ती खुंट्याला दोन बोटांनी नुसता स्पर्श करत होती. मग पीठ वरून खाली पडते. अतिशय सावकाश पडते. इतके सावकाश की मला वाटले फिल्म अडकली. पहिली चक्की दिसली ती दोन मिनिटे एकावन्न सेकंदांनी, ती चार सेकंद, आणि बंद.

ही फिल्म मेहुण्यांच्या हॉलमध्ये सगळ्या नातेवाइकांना बोलावून दाखवण्यात आली. संस्थेचा एक तरुणही होता. दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या, सामोसे आले, आणि आमची मावशी बोलली. मावशी सदाशिव पेठेत राहते, तिचे वय ब्याऐंशी आहे, आणि चक्की घ्यावी की न घ्यावी याचा ती चार वर्षे विचार करते आहे. म्हणजे या सबंध खोलीत गिऱ्हाईक असे एकटी तीच होती. तिने विचारले, "ते सगळं छान झालं हो. पण पीठ उडतं का?"

तरुण हसून म्हणाला, "आजी, आपण इथे चक्की विकतच नाही आहोत. आपण एक भावना विकतोय."

"असं होय?" मावशी म्हणाली. "मग चक्की कुणाकडे मिळेल?"

त्या रात्रीपासून मी या विषयावर भांडतो आहे. चिरंजीवांशी भांडलो, त्या तरुणांशी भांडलो, आता तुमच्यापुढे भांडतो. धंद्याच्या फिल्मेचे काम एकच. गिऱ्हाइकाच्या मनात जो प्रश्न अडकून बसला आहे, ज्याच्यामुळे त्याचा हात खिशापर्यंत जाऊन परत येतो, त्याचे उत्तर डोळ्यांना दाखवणे. तो प्रश्न क्वचितच भव्य असतो. पीठ उडतं का? आवाज शेजाऱ्यांना जातो का? वीज किती खाते? (एक अश्वशक्तीची मोटर तासभर चालली तर साधारण पाऊण युनिट. एवढे वाक्य सांगायला किती सेकंद लागतात?) जाळी बदलायला माणूस बोलवावा लागतो का? तीन मिनिटे बारा सेकंदांत यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते. उलट पीठ उडताना मात्र दाखवले होते, तेही सावकाश, चांगले आठ सेकंद. मावशीच्या मनात जी शंका होती तिचा पुरावा आम्ही एक लाख ऐंशी हजार खर्चून तयार केला.

तुम्ही म्हणाल, हे फार रूक्ष झाले, लोकांना करमणूक पाहिजे. मान्य. पण मग तुळशीबागेच्या तोंडाशी कधी उभे राहून पाहा. तिथे एक माणूस किसणी विकत असतो. त्याच्याकडे सूर्य नाही, ड्रोन नाही, आजोबा नाहीत. एक फळकुट, दोन काकड्या, एक गाजर आणि हात. तुम्ही येता तेव्हा त्याची काकडी आधीच कापली जात असते. तो तुमची वाट पाहून सुरुवात करत नाही. कापता कापता बोलतो, आणि बोलतो ते फक्त कापण्याबद्दल. पाते उलटे लावले की जाड, सुलटे लावले की कागदासारखे. पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर "बोट कापेल" हे उमटलेले त्याला दिसते आणि ती बोलायच्या आत तो गाजराला लावायची पकड काढून दाखवतो. दर दोन मिनिटांनी नवी माणसे येतात आणि सगळे पहिल्यापासून. किंमत तो शेवटी सांगतो, पण लपवत नाही. विचारली तर लगेच सांगतो. लोक तिथे तिसऱ्यांदा पाहत उभे राहतात, पिशवीतली भाजी सुकेपर्यंत. करमणूक ही अशी असते. ती मालातूनच निघते. बाहेरून आणून लावावी लागत नाही.

लक्ष्मी रोडवर साडी दाखवणारा माणूस घ्या. घडी हातात घेतली, मनगटाला एक झटका दिला, साडी गादीवर पसरली आणि पदर बरोबर तुमच्यासमोर. तुम्ही मागितले नव्हते तरी पदर आधी, कारण त्याला ठाऊक आहे की बायका पदर पाहतात आणि पुरुष किमतीची चिठ्ठी. किंवा लोकल गाडीत पिना नि कंगवे विकणारा. त्याची फिल्म दोन स्टेशनांच्या मध्ये बसवावी लागते. घाटकोपरला चढला, मुलुंडला उतरला. त्याला जर कोणी सांगितले की आधी आपली व्हिजन सांग, तर तो ठाण्यापर्यंत विकल्याशिवायच जाईल. ही माणसे कोणत्या कॉलेजात गेली होती? त्यांना रोज संध्याकाळी पैसे मोजावे लागतात, एवढेच त्यांचे शिक्षण. फिल्म करणाऱ्यांना पैसे आगाऊ मिळतात. हा फरक सगळ्याच्या मुळाशी आहे असा मला दाट संशय आहे.

आणि परंपरा परंपरा म्हणून जे ओरडतात त्यांना मी खरी परंपरा सांगतो. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनमध्ये कॅमेऱ्याची खरेदी ठरवून परत आले. चित्रपट काढायचा होता, पैसे नव्हते. भांडवल घालू शकतील अशा माणसांना हे नवे यंत्र काय करू शकते ते पटवायचे होते. आता आजचा सल्लागार असता तर त्याने दादासाहेबांना दादरच्या बंगल्याच्या गच्चीवर हात बांधून उभे केले असते आणि मागे समुद्र. दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक दिवस त्या रोपाची थोडी थोडी छायाचित्रे घेत राहिले. मिनिटभराची फिल्म तयार झाली. 'अंकुराची वाढ'. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढतो, डोळ्यांदेखत. ती पाहून यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज देऊ केले आणि पुढच्या वर्षी, १९१३ साली, 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. (घरातले दागिने गेले ते वेगळे. सरस्वतीबाईंचे नाव अशा वेळी नेहमी राहून जाते.) धंद्यासाठी काढलेली याहून परिणामकारक फिल्म मला कोणी दाखवावी. एक मिनिट, एक कुंडी, आणि जे विकायचे आहे तेच समोर.

पुढेही बराच काळ आपल्याकडे शुद्ध होती, कारण वेळेला भाव होता. विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १९७६ च्या जानेवारीत. तिथे सेकंदाला पैसे मोजावे लागत. दहा-वीस सेकंदांत जे सांगायचे ते सांगून माणूस खाली उतरत असे. ऐंशीच्या दशकात सर्फच्या ललिताजी आल्या त्या काही भावना विकायला नव्हत्या आल्या. निरमा कितीतरी स्वस्त होते आणि बायका ते घेऊ लागल्या होत्या. मग महाग पावडर का घ्यायची, हा घराघरांतला प्रश्न होता. अलीक पदमसींच्या त्या जाहिरातीत कविता चौधरी भाजी घेता घेता नेमक्या त्याच प्रश्नावर वाद घालत. गिऱ्हाइकाचा आक्षेप गिऱ्हाइकाच्याच तोंडून वदवून त्याचे उत्तर द्यायचे! आमच्या मेहुण्यांची अडचण यापेक्षा वेगळी आहे का? राजकोटची चक्की स्वस्त आहे, मग तुमची का घ्यावी? यावर त्या तीन मिनिटे बारा सेकंदांचे उत्तर : निळ्या डोळ्यांचा शेतकरी.

मग सेकंद फुकट झाले. २००५ च्या एप्रिलमध्ये यूट्यूबवर पहिली फिल्म चढली. त्यात संस्थापकांपैकी एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून हत्तींची सोंड लांब असते असे सांगतो आणि थांबतो. एकोणीस सेकंद. मला ती फार आवडते. हत्ती दिसतात, सोंड दिसते, माणूस खोटे बोलत नाही. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत युटा राज्यातल्या एका मिक्सरवाल्यांनी कमाल केली. ब्लेंडटेक त्यांचे नाव. मालक टॉम डिक्सन मिक्सर किती टिकतो हे पाहायला त्यात लाकूड घालून फिरवत असत. कारखान्यात जमिनीवर भुसा पडलेला नव्या विक्री अधिकाऱ्याने पाहिला, चौकशी केली आणि म्हणाला, हेच दाखवू या. सुमारे पन्नास डॉलरांत पहिल्या फिल्मा झाल्या. पांढरा डगला घातलेले स्वतः मालक मिक्सरमध्ये काचेच्या गोट्या टाकतात, दांडा टाकतात, २००७ साली आयफोन आला तर तोही टाकला. लाखो लोकांनी पाहिले आणि मिक्सर जोरात खपले. पाहा, इथेही भुसाच! जे यंत्र खरोखर करते ते कारखान्यात रोज घडतच होते. फक्त कोणाला ते दाखवण्यासारखे वाटले नव्हते.

हे सगळे मी चिरंजीवांना सांगितले. ते म्हणाले, "काका, तुम्हाला आजच्या ऑडियन्सचं कळत नाही. पहिल्या तीन सेकंदांत पकडलं नाही तर माणूस जातो."

हे मात्र खरे आहे, आणि मीही एका अंगठ्यासरशी जातो. पण पकडणे म्हणजे काय, यावर आमचे जमत नाही. यूट्यूबवर जाहिरात लागली की पाच सेकंदांनी ती टाळायचे बटण येते. त्या बटणाकडे सबंध देश डोळे लावून बसलेला असतो, आणि ही मंडळी त्या पाच सेकंदांत काय दाखवतात? स्वतःचे बोधचिन्ह. गोल गोल फिरत येते, त्यातून ठिणग्या उडतात. किंवा दुसरा प्रकार, ठिणग्यांपेक्षा भयंकर : एक मुलगी अंगावर धावून येते आणि किंचाळते, "थांबा! ही चूक तुम्ही तर करत नाही ना?" मी पन्नास वर्षे संसार केलेला माणूस आहे, हा प्रश्न मला घरी फुकट विचारला जातो. तीन सेकंदांत गव्हाचे दाणे आत पडताना आणि त्याच यंत्राखाली काळ्या कागदावर पिठाचा कणही नसताना दाखवा की. चक्की घ्यायची आहे तो हलणार नाही. ज्याला घ्यायची नाही तो जाईल. जाऊ दे! त्याला धरून ठेवून करायचे काय? जेवायला वाढायचे?

पण जाऊ कोणालाच द्यायचे नाही, असा नवा धर्म आहे, आणि त्याचे देव म्हणजे आकडे. संस्थेने मेहुण्यांना एक रंगीत अहवाल दिला. त्यात एक्केचाळीस हजार माणसांनी फिल्म पाहिली असे होते. मेहुणे भाबडे. ते म्हणाले, "यातल्या किती जणांनी फोन केला?" यावर उत्तर आले की हा प्रश्न विचारण्याची ही पायरी नव्हे. पाहिली म्हणजे काय, हेही कोणी सांगेना. फेसबुकवर तीन सेकंद चित्र हलले तरी पाहिले असे धरत. इतकेच नाही, तर २०१६ साली फेसबुकनेच कबूल केले की लोक फिल्म सरासरी किती वेळ पाहतात तो आकडा ते दोन वर्षे फुगवून सांगत होते. तीन सेकंदांच्या आत पळालेली माणसे सरासरीत धरलीच नव्हती. वर्गातली नापास मुले वगळून निकाल शंभर टक्के लावण्याची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण तिला आपण लबाडी म्हणत होतो. एक्केचाळीस हजारांतल्या ज्यांनी प्रत्यक्ष फोन केले त्यांची संख्या मेहुण्यांनी मला सांगितली. चार. त्यातले दोघे विचारत होते, ड्रोनवाले कोण?

भाषेबद्दल तर बोलूच नये, पण बोलतो. त्या घोगऱ्या आवाजाचा मजकूर आधी इंग्रजीत लिहिला होता आणि मग मराठीत आणला होता. "आपल्या स्वयंपाकघराची पुनर्व्याख्या करा" असे एक वाक्य होते. आमच्या सौ.ने ते ऐकून ओट्याकडे पाहिले. गिऱ्हाइकाशी आपण ज्या भाषेत दुकानात बोलतो त्याच भाषेत पडद्यावर का बोलू नये? भोसरीचा मालक दुकानात "ताई, झाकण आधी नीट बसवा" म्हणतो आणि फिल्ममध्ये त्याच्या तोंडी वेदवाक्ये येतात. शिवाय निम्मी माणसे फोन पाहतात ती बसमध्ये, दवाखान्यात, नातवाला झोपवताना, म्हणजे आवाज बंद करून. (दुसरी निम्मी आवाज मोठा करून पाहतात. ती नेमकी माझ्या शेजारी बसतात.) आवाज बंद केला तर आमच्या फिल्ममध्ये उरत होते काय? ऊन. खाली मोठ्या अक्षरांत चार साधी मराठी वाक्ये घातली असती तर? पण अक्षरांनी चित्राची शोभा जाते म्हणे.

शेवटी मेहुणे कंटाळून म्हणाले, "भावोजी, बोलताय एवढं तर तुम्हीच सांगा काय करायचं." मी म्हटले, तुमच्या मिस्त्रींना बोलवा.

मेहुण्यांकडे एक मिस्त्री आहेत. लोकांच्या घरी जाऊन चक्की बसवून देणे आणि तक्रार आली की परत जाऊन पाहणे हे त्यांचे काम. गिऱ्हाइकाचे प्रश्न सबंध कंपनीत एकट्या त्यांना ठाऊक. संस्थेच्या तरुणांनी त्यांच्याशी एक शब्दही बोललेले नव्हते. उलट शूटिंगच्या दिवशी त्यांना फ्रेमच्या बाहेर उभे केले होते. मी विचारले, "पीठ उडतं का हो?" ते म्हणाले, "उडतं की." मेहुण्यांचा चेहरा पडला. मग मिस्त्री सांगू लागले. दळताना आत हवा तयार होते, तिला बाहेर पडायला पिठाच्या डब्याच्या तोंडाशी कापड असते. त्या कापडाची कड डब्याच्या गळ्यावर सगळीकडून घट्ट बसली तर हवा गाळून बाहेर जाते आणि पीठ आत राहते. एका बाजूने सैल राहिली की ओटा पांढरा. "दहातल्या सहा तक्रारी ह्याच असतात साहेब. हडपसरला जातो, कापड दाबून बसवतो, चहा पितो, परत येतो. रविवार गेला."

म्हणजे बारा माणसांच्या या कारखान्याची बदनामी एका कापडाच्या कडेवर चालली होती, त्या कडेमुळे एका माणसाचे रविवार जात होते, आणि आम्ही सूर्योदय विकत आणत होतो.

चिंचवडच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी आपले स्वयंपाकघर दिले. चिरंजीवांनी स्वतःच्या फोनवर चित्र घेतले. चक्कीखाली आणि भोवती काळा कागद पसरला, मागे भिंतीवरचे घड्याळ दिसेल असे ठेवले. मिस्त्रींनी आधी कापड मुद्दाम सैल लावले, मूठभर गहू टाकले. कागद पांढरा झाला. मग कड बोटाने फिरवून दाबली, एक किलो दळले. घड्याळ पुढे सरकलेले दिसले, कागद काळाच. पंचावन्न सेकंद. चिरंजीव म्हणाले, पहिला भाग कापू या, आपल्या मालाची बदनामी होते. मी म्हटले, तो भाग कापलास तर माझे या घराशी असलेले नाते कापलेस. दुकानदार स्वतःहून दोष दाखवतो तेव्हाच गिऱ्हाईक पुढचे खरे मानते. दुसरी मारामारी आवाजावरून झाली. त्यांना चक्कीच्या घरघरीऐवजी सतार घालायची होती. चक्की घरी आणल्यावर ती सतार वाजवणार आहे का?

किती चक्क्या खपल्या ते मी सांगू शकत नाही. मेहुणे आयकर खात्याला सांगतात तेवढेच मलाही सांगतात. आठ-नऊशे जणांनीच ती फिल्म पाहिली. पण फोन येतात ते "कडेचं कापड वेगळं मिळतं का" असे येतात. तिघांनी घरघर ऐकून आम्हाला नको म्हटले. चिरंजीवांना वाईट वाटले. मला नाही वाटले, त्यांनी चक्की नेऊन परत आणली असती. आणि हडपसरच्या एका बाईंना मेहुण्यांनी ती फिल्म व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यांनी पाहून कापड स्वतः बसवले. मिस्त्री त्या रविवारी घरी होते. त्यांच्या बायकोने विचारले म्हणे, बरं नाही का?

मावशीला मी ती फिल्म दोनदा दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन काळा कागद नीट निरखला. "हे झालं गव्हाचं," ती म्हणाली. "चकलीची भाजणी दळली, धने-जिरे घातलेली, आणि दुसऱ्या दिवशी गहू टाकले, तर पोळीला जिऱ्याचा वास येतो का?"

मी चिरंजीवांना फोन लावला. ते बराच वेळ गप्प राहिले. "काका," ते म्हणाले, "वास कसा दाखवणार?"

मावशीला विचारले. ती म्हणाली, "दाखवता कशाला? चक्कीच घेऊन या म्हणावं. भाजणी मी भाजून ठेवते." तेव्हा येत्या शनिवारी मेहुणे, मिस्त्री आणि चक्की टेम्पोतून सदाशिव पेठेत यायचे आहेत. चिरंजीवांनी फोन घेऊन येऊ का म्हणून विचारले आहे. ये म्हणाली, पण चपला बाहेर काढ.